जुनी पिकअप ओढत नाही तेव्हा

बेळगाव-खानापूर भागातला भाजीपाला गोव्याच्या बाजाराला जातो तो बऱ्याच अंशी पिकअप गाडीतून. नवी गाडी सर्वांनाच परवडत नाही. म्हणून दहा-पंधरा वर्षे राबलेली महिंद्राची किंवा टाटाची २०७ जुन्या बाजारातून घेऊन पुष्कळ शेतकरी बांधव आपला माल स्वतः नेतात. अशा गाडीची ठरलेली तक्रार म्हणजे, "रिकामी पळते, पण माल भरला की चढाला ओढत नाही." मग कोणी सांगतो की पंपाचा स्क्रू फिरवून तेल वाढवा. कोणी सांगतो की मागे दोन पाटे जादा घाला आणि मोठे टायर चढवा. दोन्ही कामे एका दिवसात होतात आणि पहिले चार दिवस गाडी सुधारल्यासारखी वाटतेही.

जुन्या गाडीतली ताकद बहुधा कुठेतरी अडकलेली असते. ती मोकळी करण्याचा खर्च थोडा असतो आणि निम्मी तपासणी घरच्या घरी होते. तेव्हा गाडीत फेरफार करण्याआधी अडथळा शोधावा. आणि ओढ वाढवण्याआधी गाडी थांबते कशी हे पाहावे, कारण आपल्या भागात चढ संपला की पुढे घाटाचा उतार असतो.

प्रथम इंजिनाविषयी थोडे. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. सिलिंडरमध्ये ओढलेली हवा पिस्टन इतकी दाबतो की ती लाल निखाऱ्यासारखी तापते, आणि त्या तप्त हवेत नोझल तेलाचा बारीक फवारा सोडतो. तो आपोआप पेटतो. म्हणजे हवा, दाब आणि फवारा या तीन गोष्टी ठीक असल्या की इंजिन ठीक. यांत हवेचे महत्त्व लोकांच्या ध्यानात येत नाही. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला निदान दहा हजार लिटर हवा लागते. महिंद्राच्या जुन्या पिकअपचे डी.आय. इंजिन २५२३ घनसेंटिमीटरचे आहे. दोन फेऱ्यांत ते एकदा श्वास घेते. टर्बो नसेल तर मिनिटाला २००० फेऱ्यांवर ते फार तर अडीच हजार लिटर हवा घेऊ शकते, त्याहून जास्त नाही. आता पंपाचा स्क्रू फिरवून तेल वाढवले तरी हवा तेवढीच राहते. मग जादा तेल अर्धवट जळून काळा धूर होतो आणि उरलेल्याची उष्णता पिस्टनच्या माथ्यावर व व्हॉल्व्हवर बसते. चढाला जोर लावला असताना पिस्टनचा माथा वितळून भोक पडल्याची उदाहरणे गॅरेजवाल्यांना नवीन नाहीत. पंपाचे सील तोडून स्क्रू फिरवणाऱ्या मिस्त्रीला गाडी दाखवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

धुराचा रंग पाहावा

तपासणीची सुरुवात सायलेन्सरच्या तोंडाशी करावी. गाडी गरम करून, माल भरून, कोणाला तरी मागून पाहायला सांगावे.

काळा धूर म्हणजे तेलाच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर तुंबलेला असतो, नोझल फवाऱ्याऐवजी थेंब गाळत असतो, किंवा टर्बोची गाडी असल्यास टर्बोकडून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी फाटलेली असते. ही नळी खालच्या बाजूने चिरते, वरून पाहिल्यास दिसत नाही. हात फिरवून पाहावी.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्हचे सील गेले, किंवा टर्बोतून ऑइल येते. अशा वेळी इंजिन मंद चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण काढावे. तिथून धूर फुसफुस करीत जोराने बाहेर येत असेल तर रिंगांतून दाब खाली निसटतो आहे असे समजावे. हे दुखणे खर्चिक आहे आणि वरवरच्या उपायाने जात नाही.

पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ येणे स्वाभाविक आहे. गरम झाल्यावरही येत राहिला तर दोन शक्यता आहेत. डोळ्यांना झोंबणारा, डिझेलच्या वासाचा धूर असेल तर तेल न जळता बाहेर पडते आहे, म्हणजे टायमिंग मागे गेले आहे किंवा दाब कमी आहे. वाफेसारखा असेल आणि रेडिएटरमधले पाणी रोज कमी होत असेल तर हेड गॅसकेट पाहावे लागेल.

हवा आणि धूळ

आपल्याकडच्या गाड्यांचे आयुष्य धूळ खाते. सुगीच्या दिवसांत शेतवाटेवर एक महिना चाललेल्या गाडीचा फिल्टर शहरातल्या गाडीच्या सहा महिन्यांइतका भरतो. कागदी फिल्टर जमिनीवर आपटू नये आणि पाण्याने धुऊ नये. कमी दाबाची हवा आतून बाहेर मारावी. मग आत बॅटरीचा उजेड धरून बाहेरून पाहावे. एखाद्या जागी प्रकाशाचा ठिपका टोचल्यासारखा दिसला तर फिल्टर फाटला आहे, तो टाकून द्यावा. दोन-तीनदा साफ केल्यावर नवा घालणेच स्वस्त पडते. तेलाच्या वाटीचा जुन्या पद्धतीचा फिल्टर असल्यास वाटीतला गाळ काढून खुणेपर्यंतच ऑइल भरावे. जास्त भरले तर इंजिन ते ओढून घेते.

फिल्टरपेक्षाही फिल्टरपासून इंजिनापर्यंत जाणारी रबरी नळी महत्त्वाची. तिची क्लिप सैल असली किंवा तिला चीर पडली तर फिल्टर कितीही चांगला असो, धूळ बाजूने थेट आत जाते. बारीक वाळू रिंगा आणि लायनर घासते, आणि एका हंगामात इंजिन ऑइल खायला लागते. नळी काढून आत बोट फिरवावे. बोटाला माती लागली तर चीर शोधल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये.

तेलाच्या वाटेतले अडथळे

गाडी चालता चालता दम सोडते, सकाळी सेल्फ फार वेळ मारावा लागतो, किंवा चढावर झटके देते, ही लक्षणे बहुधा तेलाच्या वाटेत हवा शिरल्याची असतात. यात फसगत अशी होते की टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी तेल ओढून घेणारी असते. तिला भोक पडले तर तेल बाहेर गळतेच असे नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून गळती दिसत नाही आणि मिस्त्री नोझल उघडत बसतो. या भागातले तांब्याचे वॉशर एकदा खोलल्यावर नवे घालावेत. दहा-वीस रुपयांच्या वॉशरसाठी पुष्कळांनी पंप उतरवला आहे.

दोष टाकीच्या बाजूला आहे की पंपाच्या, हे ठरवण्याची सोपी रीत आहे. स्वच्छ कॅनमध्ये गाळलेले डिझेल घेऊन तो इंजिनाच्या वरच्या पातळीवर घट्ट बांधावा आणि फीड पंपाची ओढनळी त्यात सोडावी. गाडी व्यवस्थित चालू लागली तर टाकी, टाकीतली जाळी किंवा मधली नळी दोषी आहे. तरीही दम सोडत असेल तर फिल्टर, पंप, नोझल पाहावेत. आणखी एक क्षुल्लक पण पुष्कळांना छळणारा प्रकार म्हणजे टाकीच्या झाकणाचे श्वासछिद्र चिखलाने बुजणे. गाडी दहा-पंधरा किलोमीटर छान जाते, मग थकते, आणि थोडा वेळ थांबली की पुन्हा ठीक होते. थकल्यावर झाकण उघडताना सुस्कारा ऐकू आला तर रोग सापडला.

हवा काढण्याची रीत अशी. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू दोन आटे सैल करावा आणि फीड पंपावरचा हातपंप मारीत राहावा. प्रथम बुडबुडे येतील. अखंड तेल येऊ लागले की स्क्रू आवळावा. मग पंपावरच्या स्क्रूपाशी तसेच करावे. एवढ्याने गाडी सुरू न झाल्यास नोझलकडे जाणाऱ्या दोन नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून, त्यांवर फडके टाकून सेल्फ मारावा. तेल आले की आवळावे.

इथे आरोग्याच्या दृष्टीने एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. नोझलच्या फवाऱ्यासमोर किंवा चालू इंजिनाच्या दाबनळीतल्या चिरेसमोर बोट कधीही धरू नये. तो दाब साधी त्वचा सहज भेदतो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण आत गेलेले डिझेल स्नायू नासवते आणि काही तासांत हात सुजतो. अशा वेळी हळद लावून घरी न बसता त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात जावे आणि "दाबाचे डिझेल आत गेले आहे" असे डॉक्टरांना स्वच्छ शब्दांत सांगावे. बोट वाचणे न वाचणे पहिल्या काही तासांवर अवलंबून असते. तसेच, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नये. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे. नुसता खोकल्याचा प्रश्न उरलेला नाही.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळून पैसे वाचवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की गोल फिरणाऱ्या जातीच्या पंपाला वंगण म्हणून डिझेलशिवाय दुसरे काहीच मिळत नाही. रॉकेल पातळ आणि कोरडे. पंप आतून खरवडला जातो.

उष्णता

भरल्या गाडीचा काटा चढाला वर जात असेल तर प्रथम रेडिएटरच्या पुढच्या बाजूचा भुसा, किडे व चिखल काढावा. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारावे, पण जाळी वाकेल इतक्या जोराने नाही. फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नाही. ते आत दाब धरून ठेवते आणि त्या दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या वर गेल्याशिवाय उकळत नाही. त्याचे रबर गेले की पाणी लवकर उकळते. विहिरीचे जड पाणी घालू नये, आत चुन्याचा थर बसतो. गरम असताना झाकण उघडण्याचा मोह टाळावा. तोंड भाजलेले लोक प्रत्येक गावात आहेत.

काही मिस्त्री "गाडी गरम होते" म्हटले की थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. तसे करू नये. थर्मोस्टॅट नसला तर इंजिन सपाटीवर कायम गार राहते, तेल जास्त जळते आणि सिलिंडर लवकर झिजतात. तो बिघडला आहे की नाही हे स्वयंपाकघरात कळते. पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो दोरीने टांगावा आणि पाणी तापवावे. उकळी येण्यापूर्वी तो उघडायला हवा. उघडला नाही तर नवा घालावा.

इंजिन निर्दोष, तरी गाडी जड

सर्व ठीक असूनही गाडी जड चालत असेल तर तिला मागून कोणीतरी धरून ठेवले आहे. पाच-सहा किलोमीटर चालवून थांबावे आणि चारही चाकांच्या मध्यापाशी हात जवळ नेऊन पाहावे, लावू नये. एखादे चाक इतरांपेक्षा फार तापले असेल तर त्याचा ब्रेक सुटत नाही. चाक उचलून हाताने फिरवले की खात्री होते. टायरमध्ये हवा कमी असली तरी हाच परिणाम होतो. क्लच घसरत असेल तर चढाला इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, आणि जळका वास येतो.

पाटे, टायर आणि कायदा

आता फेरफारांकडे वळू. पाटे वाढवले की गाडी माल भरल्यावर खाली बसत नाही. डोळ्यांना बरे वाटते. पण ब्रेकचे ड्रम, ॲक्सल, चेसिस आणि टायर होते तेवढेच राहतात. शिवाय रिकाम्या गाडीची मागची बाजू उसळते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की मागची चाके लॉक होऊन गाडी आडवी होते. तुटलेला पाटा बदलणे वेगळे आणि वजन वाढवण्यासाठी पाटे घालणे वेगळे.

मोठ्या टायरचा हिशेब सरळ आहे. चाकाचा व्यास दहा टक्के वाढला तर ओढ जवळजवळ तेवढीच घटते, कारण इंजिनाला लांब पल्ल्याची तरफ फिरवावी लागते. चढाला ओढत नाही म्हणून मोठे टायर घालणे म्हणजे तहान लागली म्हणून मीठ खाणे. ब्रेकलाही त्याच प्रमाणात जास्त जोर लागतो आणि वेगाचा काटा खरा वेग दाखवीत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याने ठरवलेल्या व नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माल नेल्यास कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. दोन पोती जादा कोबीतून एवढे पैसे सुटत नाहीत.

घाटाचा उतार

चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना काय घडते ते पाहू. गाडी आणि माल मिळून तीन टन वजन समजा सहाशे मीटर खाली उतरले. वेग न वाढू देता उतरायचे तर या उताराची सारी शक्ती उष्णता होऊन कुठेतरी गेली पाहिजे. ही उष्णता सुमारे ५५ लिटर गार पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. थोडी वारा आणि चाकांचे घर्षण घेते. बाकीची एकतर इंजिनाने घ्यायची किंवा ब्रेकने. सगळी ब्रेकवर टाकली तर ड्रम तापून फुगतात, लायनर गुळगुळीत होतात आणि पाय दाबूनही गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल जुने असेल तर त्याने हवेतला ओलावा शोषलेला असतो. ते तापले की आत वाफ होते आणि पेडल एकदम खाली जाते. म्हणून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, मग ते स्वच्छ दिसो वा न दिसो.

तेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून उतरणारे कित्येक चालक आहेत. त्यांचा हिशेबच चुकीचा आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की पंपातला गव्हर्नर तेल जवळजवळ बंद करतो, कारण इंजिनाला चाकेच फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला तेल लागतेच. म्हणजे न्यूट्रलमध्ये तेल थोडे जास्तच जळते आणि इंजिनाचा रोध हातचा जातो. इंजिनच बंद करून उतरणे तर जिवावरचे. डिझेल गाडीत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम वेगळा पंप तयार करतो, आणि बहुतेक जुन्या पिकअपमध्ये तो पंप डायनॅमोच्या पाठीला बसवलेला असतो. इंजिन बंद झाले किंवा डायनॅमोचा पट्टा तुटला की दोन-तीन वेळा ब्रेक मारल्यावर पेडल दगडासारखे कठीण होते. ज्या पट्ट्याकडे आपण बॅटरीचा पट्टा म्हणून पाहतो तो ब्रेकचाही पट्टा आहे. घाटात जाण्यापूर्वी तो पाहावा आणि एक जादा पट्टा सीटखाली ठेवावा.

रीत जुनीच आहे. ज्या गिअरने चढ चढलो असतो त्याच गिअरने उतरावे, आणि तो गिअर उतार सुरू होण्यापूर्वी टाकावा. ब्रेक सतत पाय ठेवून न वापरता थोडा वेळ नीट दाबून सोडावा. टर्बोची गाडी चढून वर आल्यावर एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवून मगच बंद करावी, नाहीतर तापलेल्या टर्बोतले ऑइल जळून कोळसा होते.

करण्यासारखे बदल

काही बदल मात्र जरूर करावेत. टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये पाणी-गाळ वेगळा करणारी काचेची किंवा पारदर्शक वाटी बसवावी. पावसाळ्यात आठवड्याला एकदा तळचा स्क्रू उघडून पाणी सोडावे. बॅटरीपासून चेसिसला आणि चेसिसपासून इंजिनाला जाणाऱ्या अर्थच्या जाड वायर नव्या करून त्यांच्या टोकांखालचा गंज व रंग खरवडावा. सेल्फ मंद फिरतो म्हणून नवी बॅटरी घेणाऱ्यांपैकी पुष्कळांचा दोष या वायरीत असतो. मीटरने पाहायचे तर सेल्फ मारताना बॅटरीचा ऋण खांब आणि इंजिनाचे अंग यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसू नये. हेडलाइट मिणमिणते असतील तर जास्त वॉटचे बल्ब घालू नयेत. स्विचमधून लांब फिरून येणाऱ्या बारीक वायरीत वीज अडते. बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर आणि मध्ये रिले बसवला की तेच बल्ब उजळतात. तापमानाचा आणि ऑइलच्या दाबाचा काटा बंद असेल तर टेपरेकॉर्डरआधी तो चालू करावा.

शेवटी हौद्यात माणसे नेण्याविषयी. जुन्या गोव्याच्या फेस्ताला किंवा लग्नाला वीस-पंचवीस माणसे पिकअपमध्ये उभी करून नेण्याची पद्धत आपल्यातही आहे. मालगाडीच्या विम्यात फुकट नेलेल्या प्रवाशांचा समावेश नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात स्पष्ट केले. १९९४ च्या दुरुस्तीने मालाच्या मालकाला किंवा त्याच्या अधिकृत माणसाला तेवढे संरक्षण मिळाले, आणि तोही केबिनमध्ये बसलेला हवा. अपघात झाल्यास भरपाई गाडीमालकाच्या जमिनीवर येते. शिवाय उभी माणसे हा हलणारा माल आहे. वळणावर सगळी एकाच बाजूला झुकतात आणि उंच केलेल्या पाट्यांवरची गाडी त्याच बाजूला कलते. त्या दिवसापुरती परवान्याची प्रवासी गाडी भाड्याने घ्यावी आणि खर्च माणशी वाटून घ्यावा.